एक बावर्ची की दहा? बोईसरच्या एका लॅपटॉपपासून महासंगणकापर्यंत

गेल्या महिन्यात बोईसरचे एक जुने स्नेही घरी आले. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ते फिटर आहेत. सोबत मुलगी होती, संगणक शाखेच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. भिशीचे पैसे हातात आले होते आणि मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानदाराने दोन लॅपटॉप दाखवले. एक चार कोअरचा, दुसरा आठ कोअरचा, बारा हजारांनी महाग. "आठ कोअर म्हणजे दुप्पट वेग, डोळे झाकून घ्या," असे त्याने सांगितले. वडिलांना बारा हजार म्हणजे काय ते ठाऊक. मुलीने मला विचारले, "चाचा, कोअर दुप्पट झाले की काम खरेच निम्म्या वेळात होते का?"

प्रश्न साधा वाटतो, पण गेली साठ वर्षे संगणकशास्त्र याच प्रश्नाभोवती फिरत आहे. एकच वेगवान प्रोसेसर बरा, एका पेटीत अनेक प्रोसेसर बरे, की दूरदूरच्या अनेक संगणकांत काम वाटून देणे बरे? उत्तराचा संबंध बारा हजार रुपयांशी आहेच. शिवाय सातपाटीच्या होडीला वेळेवर मिळणाऱ्या इशाऱ्याशी, तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या सुरक्षेशी आणि ईदला गावी जाणाऱ्या कामगाराच्या तिकिटाशीही आहे. म्हणून हा विषय घरात सगळ्यांनी मिळून वाचावा असा आहे.

दावतीचे उदाहरण

मी त्या मुलीला वलीम्याच्या दावतीचे उदाहरण दिले. पाचशे माणसांचे जेवण आहे. ते शिजवायच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत : एकच बावर्ची, पण अतिशय चपळ. कांदा तोच कापतो, मसाला तोच वाटतो, तांदूळ तोच धुतो. कोणाला काही विचारावे लागत नाही, कोणाची वाट पाहावी लागत नाही. हा झाला एका प्रोसेसरचा संगणक.

दुसरी रीत : एकाच भटारखान्यात दहा बावर्ची. मसाल्याचा डबा एक, पाण्याचे पिंप एक, सगळ्यांच्या नजरेसमोर. कांदा एक जण कापतो, त्याच वेळी मांस दुसरा धुतो. हा झाला बहुप्रोसेसर संगणक. इथे प्रोसेसर अनेक असतात, पण मेमरी सामाईक असते.

तिसरी रीत : मोहल्ल्यातल्या पन्नास घरांत दहा-दहा माणसांचे जेवण करायला सांगायचे आणि संध्याकाळी सगळे एकत्र आणायचे. रमजानमध्ये मशिदीत घराघरांतून इफ्तारीची ताटे येतात, तसेच. एखाद्या घरचे ताट आले नाही तरी दस्तरखान रिकामा राहत नाही. हे झाले वितरित संगणन, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या स्वतंत्र संगणकांनी जाळ्यातून मिळून केलेले काम.

तिन्ही रीतींत गुण आहेत आणि दोषही आहेत. कोणती निवडायची हे जेवण कोणते आहे त्यावर ठरते.

एकट्या बावर्चीचा वेग का थांबला?

बरीच वर्षे पहिली रीतच सरस होती. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला. म्हणजे तेवीस वर्षांत ठोक्यांचा वेग सुमारे आठशे पट झाला. त्या काळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काही करावेच लागत नसे. तोच प्रोग्रॅम दोन वर्षांनी नव्या यंत्रावर टाकला की आपोआप जलद चाले.

मग गाडी अडली ती उष्णतेपाशी. प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर साधारणपणे विजेचा दाबही वाढवावा लागतो आणि विजेचा खप दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग थोडा वाढवला की उष्णता फार वाढते. नखाएवढ्या चकतीतून ती बाहेर काढायची कशी? २००४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. २००५ मध्ये घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आले. कोअर म्हणजे एकाच चकतीवर बसवलेला पूर्ण प्रोसेसर. एका बावर्चीला पळवून पळवून दमवण्यापेक्षा मध्यम वेगाचे दोघे ठेवलेले स्वस्त पडते, हा त्यामागचा हिशेब. आज आपल्या खिशातल्या मोबाईलमध्येही बहुधा आठ कोअर असतात.

दम लागायला वेळ लागतोच

आता मुलीचा मूळ प्रश्न. बावर्ची दुप्पट झाले तर जेवण निम्म्या वेळात होईल का?

कांदा कापणे, तांदूळ निवडणे ही कामे वाटून देता येतात. पण बिर्याणी दमावर ठेवली की ती चाळीस मिनिटे चाळीसच राहतात. डेगेभोवती दहा बावर्ची उभे राहिले म्हणून दम चार मिनिटांत लागत नाही.

हीच गोष्ट जीन आमडाल या अमेरिकी अभियंत्याने १९६७ साली मांडली. ती आमडालचा नियम म्हणून ओळखली जाते. समजा एक काम दहा तासांचे आहे. त्यातले नऊ तासांचे काम वाटून देता येते, एक तासाचे मात्र एकापाठोपाठ एकच करावे लागते. नऊ प्रोसेसर लावले तर नऊ तासांचे काम एका तासात होईल आणि न वाटता येणारा एक तास धरून एकूण दोन तास लागतील. नव्वद लावले तर एक तास सहा मिनिटे. हजारो लावले तरी एका तासाच्या खाली काही जाता येणार नाही. नऊ प्रोसेसरांनी आठ तास वाचवले, पण त्यानंतरच्या एक्याऐंशींनी मिळून चोपन्न मिनिटेच वाचवली.

दुसरी अडचण सामाईक डब्याची. दोन बावर्चींनी एकमेकांना न विचारता एकाच डेगेत मीठ टाकले तर जेवण वाया जाते. दोन प्रोसेसर मेमरीतल्या एकाच आकड्याला एकाच वेळी हात घालू लागले तर हिशेब असाच बिघडतो. म्हणून कुलपाची पद्धत असते : एकाचे काम होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. थांबणे आले की वेग कमी झाला. शिवाय मसाल्याचा डबा एकच असल्याने पन्नास बावर्चींची त्याच्याभोवती गर्दी होते. त्यामुळे एका पेटीत, एका सामाईक मेमरीवर किती प्रोसेसर बसवायचे याला मर्यादा येते.

पुण्याने शोधलेली वाट

१९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी महासंगणक हवा होता. तो अमेरिकेच्या क्रे कंपनीकडे होता. पण असे यंत्र अण्वस्त्रांच्या हिशेबालाही वापरता येते, म्हणून अमेरिकी सरकारने हात आखडता घेतला. शेवटी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवामान अंदाजासाठी दिल्लीत जो क्रे एक्स-एमपी/१४ बसला, त्याच्या नावातला पहिला आकडा प्रोसेसरची संख्या सांगतो. तो एकच होता.

मोठा बावर्ची बाहेरून मिळत नसेल तर साध्या बावर्चींची फौज उभी करू, असे आपल्या शास्त्रज्ञांनी ठरवले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथे 'परम ८०००' तयार झाला. त्यात एक महाकाय प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. त्याच सुमारास मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुपम' हा समांतर संगणक घडला. त्यात इंटेलचा आय-८६० हा बाजारात मिळणारा प्रोसेसर वापरला होता. पुढच्या काळात तर अनुपममध्ये साधे पेंटियम संगणकच जाळ्याने जोडण्यात आले.

इथे दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीचा मेळ बसला. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी द्यायची, म्हणजे डब्याभोवती गर्दी नाही. एकमेकांना निरोप पाठवायला मात्र अतिशय वेगवान जाळे ठेवायचे. आवारात दहा भटारखाने आणि मध्ये निरोप पोचवणारी चपळ मुले, असे समजा. आजचे जगातले जवळजवळ सगळे महासंगणक याच घाटाचे आहेत. एकेका पेटीत सामाईक मेमरीवर चालणारे अनेक कोअर असतात आणि अशा शेकडो-हजारो पेट्या जोडलेल्या असतात.

सातपाटीला इशारा कसा पोचतो?

ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन याने पहिल्या महायुद्धाच्या काळात हाताने आकडेमोड करून हवामानाचा अंदाज काढून पाहिला. सहा तासांच्या अंदाजाला सुमारे सहा आठवडे लागले आणि अंदाज चुकलाही. पण १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्याने एक चित्र रंगवले. एका प्रचंड सभागृहात ६४,००० माणसे बसली आहेत. प्रत्येकाकडे पृथ्वीचा लहानसा तुकडा आहे. प्रत्येक जण आपल्या तुकड्याची आकडेमोड करतो, शेजाऱ्याला उत्तर दाखवतो आणि मधोमध उभा असलेला माणूस सर्वांचा ताल सांभाळतो. आजचा महासंगणक याच चित्रासारखा चालतो, माणसांच्या जागी प्रोसेसर बसले आहेत इतकेच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' आला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथेच 'अर्का' सुरू झाला. त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे बारा हजार लाख कोटी आकडेमोडी. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम त्यावरच चालते. आधी जगभरच्या अंदाजाच्या जाळीतला एक चौकोन बारा किलोमीटरचा होता, तो आता सहा किलोमीटरचा झाला.

याचा आपल्याला फायदा काय? पालघर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,३०० चौरस किलोमीटर आहे. बारा किलोमीटरच्या जाळीत त्यात सदतीसच्या आसपास चौकोन बसतात, सहा किलोमीटरच्या जाळीत दीडशेच्या आसपास. सातपाटीचा किनारा, बोईसरची वसाहत आणि जव्हारचा डोंगर यांचा पाऊस सारखा नसतो, हे आपण पाहतोच. बारीक जाळीत हा फरक पकडण्याची शक्यता वाढते. पण चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि वेळेची पावलेही निम्मी करावी लागतात. आकडेमोड सुमारे आठपट वाढते. उद्याचा अंदाज परवा हाती आला तर तो काय कामाचा? २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याकडे आले, तेव्हा होड्या वेळेवर परतणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

हेच काम घराघरांतल्या संगणकांना इंटरनेटवरून का वाटून देत नाहीत? कारण प्रत्येक चौकोनाला दर पावलाला शेजाऱ्याचे उत्तर लागते. शेजाऱ्याचा निरोप यायला उशीर झाला की सगळे सभागृह थांबते. इथे वेगवान जाळ्याने घट्ट बांधलेले प्रोसेसरच हवेत.

जिथे दूरची घरेच उपयोगी पडतात

काही कामांत मात्र शेजाऱ्याला विचारावेच लागत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाने सेटी ॲट होम हा उपक्रम सुरू केला. अवकाशातून आलेल्या रेडिओ लहरींचे तुकडे जगभरच्या लोकांच्या घरच्या संगणकांकडे पाठवले जात. प्रत्येक तुकडा स्वतंत्र असे. एखाद्याने संगणक बंद केला तर तो तुकडा दुसऱ्याला मिळे. २०२० मध्ये कोविडच्या काळात फोल्डिंग ॲट होम या उपक्रमात लोकांनी आपले संगणक विषाणूच्या प्रथिनांच्या अभ्यासासाठी दिले. तेव्हा या विखुरलेल्या घरगुती संगणकांची एकत्रित ताकद त्या वेळच्या सर्वांत मोठ्या महासंगणकापेक्षाही जास्त झाली होती.

रोजच्या व्यवहारातले उदाहरण रेल्वेचे आहे. रेल्वेची संगणकीय आरक्षण केंद्रे आधी आपापल्या भागापुरती होती. १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबादची केंद्रे एकमेकांना जोडली गेली. आता बोईसरचा कामगार गोरखपूरचे तिकीट इथूनच काढतो, परतीचेही काढतो. पण ईदच्या आधी एकाच सीटवर दहा ठिकाणांहून दहा जण बोट ठेवतात. सीट एकालाच मिळाली पाहिजे. मिठाचा तोच प्रश्न इथेही येतो, फक्त बावर्ची वेगवेगळ्या शहरांत आहेत आणि मध्ये फोनची तार कधीही तुटू शकते. वितरित व्यवस्थेचा पसारा मोठा आणि टिकाऊपणाही मोठा, पण सगळ्यांचा हिशेब एक ठेवणे हे तिचे सर्वांत अवघड काम आहे.

तारापूरचा धडा : दुसरा प्रोसेसर वेगासाठी नसतो

आपल्या दारातले उदाहरण सर्वांत बोलके आहे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. २००५ आणि २००६ मध्ये तिथे ५४० मेगावॅटच्या दोन भारतीय बनावटीच्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या अणुभट्टीच्या गाभ्यात एका बाजूची शक्ती वाढते आणि दुसऱ्या बाजूची घटते, असे होऊ शकते. म्हणून गाभ्याचे चौदा भाग कल्पून प्रत्येक भागातली पाण्याची पातळी स्वतंत्रपणे कमी-जास्त केली जाते. पाणी न्यूट्रॉन शोषून घेते आणि त्या भागाची शक्ती काबूत राहते.

अशा ठिकाणी वेगापेक्षा भरवसा महत्त्वाचा. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी अणुवीज केंद्रांसाठी दोन प्रोसेसरांची 'हॉट स्टँडबाय' पद्धतीची नियंत्रण यंत्रणा तयार केली. दोन्ही प्रोसेसर एकाच वेळी तोच हिशेब करत असतात. कारभार एकाच्या हातात असतो. तो बिघडला की दुसरा लगेच सूत्रे घेतो. अणुभट्टी बंद करणारी संरक्षक यंत्रणा तर तीन स्वतंत्र संचांची असते आणि तिघांपैकी दोघांचे एकमत झाले की भट्टी बंद होते. एक संच बिघडून उगाच ओरडला तरी केंद्र विनाकारण बंद पडत नाही, आणि एक संच गप्प राहिला तरी खरा धोका लपत नाही.

फक्त वेगाचा हिशेब मांडला तर तेच गणित दोनदा-तीनदा करणे उधळपट्टी वाटेल. पण आपण या केंद्राच्या सावलीत राहतो, मुलेबाळे घेऊन राहतो. ही उधळपट्टी नसून शहाणपण आहे, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

बुद्धी यंत्राच्या आधी

'अल्गोरिदम' हा शब्द आज लहान मुलांच्याही तोंडी आहे. तो आला आहे मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून. नवव्या शतकात खलिफा अल-मामून यांच्या काळात बगदादच्या बैतुल हिक्मामध्ये त्यांनी गणितावर ग्रंथ लिहिले. गणित पायरी-पायरीने कसे सोडवायचे हे त्यांनी नीट मांडून दाखवले. लॅटिनमध्ये त्यांच्या नावाचे जे रूप झाले, त्यातून हा शब्द निघाला.

समांतर संगणनाचा खरा प्रश्न याच पायऱ्यांचा आहे. कोणती पायरी कोणत्या पायरीवर अवलंबून आहे, कोणती वेगळी काढता येते, कोण कोणाची वाट पाहील? हे माणसाने आधी ठरवावे लागते. ते ठरवले नाही तर आठ कोअरच्या यंत्रात एक कोअर राबतो आणि सात बसून राहतात.

आणि नेमकी हीच विद्या जाणणारी माणसे देशाला हवी आहेत. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम मंजूर झाली. त्यातून देशभरच्या संस्थांत महासंगणक बसत आहेत. ते चालवायला आणि त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला माणसे लागतात. पुण्याच्या सी-डॅकमध्ये पदवीनंतरचे पदविका अभ्यासक्रम आहेत. एनपीटीईएल या सरकारी उपक्रमात समांतर संगणनाचे आयआयटीतले पाठ घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. ज्या मुलीला पुण्याला पाठवणे आज जमत नसेल, तिला निदान हे पाठ पाहायला रोजचा एक तास आणि घरात एक शांत कोपरा देणे जमू शकते.

बारा हजारांचे काय झाले?

मी त्या मुलीला विचारले, "बेटा, तू या लॅपटॉपवर करणार काय?" प्रोग्रॅम लिहिणे, वेबसाईट बनवणे, ऑनलाईन पाठ पाहणे, असे ती म्हणाली. या कामांना चार कोअर पुरतात. त्यापेक्षा मेमरी १६ जीबी असणे आणि साठवणुकीला एसएसडी असणे जास्त उपयोगाचे. दिवसभर व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्री-डी डिझाईन करायचे असते, तर आठ कोअरचा पैसा वसूल झाला असता, कारण ती कामे चांगली वाटली जातात. आणि समांतर प्रोग्रॅमिंग शिकायला चार कोअर भरपूर आहेत. चार बावर्चींना नीट कामाला लावता आले, तर उद्या चारशेंना लावता येईल.

त्यांनी चार कोअरचाच लॅपटॉप घेतला. काही पैसे मेमरी वाढवायला गेले, उरलेले पुढच्या सेमिस्टरच्या फीसाठी ठेवले. आठवड्याने मुलीचा फोन आला. तिने एकच हिशेब आधी एका कोअरवर आणि मग चारही कोअरवर चालवून पाहिला होता.

"चाचा, चौपट नाही झाला. तिपटीच्या जरा वर गेला. दम लागायला वेळ लागला!" ती हसत म्हणाली.

दुकानदाराला जे सांगता आले नाही, ते तिने स्वतः मोजून काढले होते.